हातभर दोरी

आमच्या शिवम्मावैनी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी शिडाची होडी चालवायला शिकल्या, हे आमच्या गावात, बोरीत, कोणाला सांगितलं की तो आधी हसतो आणि मग विचारतो, "कामून?" हा प्रश्न मी स्वतः त्यांना निदान पन्नास वेळा विचारला असेल, कारण त्या होडीत दुसरा माणूस मी होतो. हौस म्हणून नव्हे. वैनींनी एकटीनं धरणावर जायचं नाही असं आमच्या आप्पांनी ठरवलं, त्यांना स्वतःला दुकान सोडवेना, आणि मग ती जिम्मेदारी धाकट्या भावाच्या गळ्यात पडली. आप्पा म्हणजे माझे थोरले भाऊ सिद्रामप्पा. बोरीत त्यांचं कापडाचं दुकान आहे. मी शिवकांत. त्याच ओळीत चार दुकानं सोडून माझं मेडिकल आहे आणि ते रविवारी दुपारी बंद असतं, एवढाच माझा गुन्हा.

वैनींचं खरं राज्य घराला लागून असलेल्या दुकानाच्या मागच्या खोलीत. तिथं जाड कापड शिवायचं एक जुनं मशीन आहे. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणारी माणसं आपापल्या ताडपत्र्या घेऊन तिथं येतात. वैनी फाटलेलं जोडतात, काठाला दुमड घालतात, कोपऱ्यांना दुहेरी कापड लावून दोरीसाठी भोकं पाडतात. त्यांनी शिवलेल्या खोपीवरच्या ताडपत्रीतून सहा महिन्यांत थेंब गळत नाही, असं लोक सांगतात आणि ते खरं आहे.

सप्टेंबरात, येलदरीचं धरण भरलं त्या आठवड्यात, सुकेशनी नावाची एक मुलगी टेम्पोतून पांढरं गाठोडं घेऊन आली. अठ्ठावीस-तीस वर्षांची, उन्हानं रापलेली. तिचे वडील जिंतूरकडचे. गवंडीकामाला हैदराबादला गेले ते तिकडचेच झाले. तिथल्या तळ्यावर कोणीतरी गरिबांच्या पोरांना शिडाच्या होड्या शिकवत होतं. त्यात ही शिकली, पुढं तिथंच शिकवायला लागली आणि आता चार जुन्या होड्या ट्रकवर घालून वडिलांच्या मुलखात आली होती. दर रविवारी धरणावर ती आसपासच्या मुलींना शिकवायची. गाठोड्यात तिचं फाटलेलं शीड होतं.

वैनींनी ते उलगडलं आणि नाक मुरडलं. आधीच्या शिंप्यानं पट्ट्या सरळ जोडलेल्याच नव्हत्या. प्रत्येक शिवण किंचित कमानीसारखी वाकलेली. "कोणी शिवलं हो हे? डोळे मिटून?" असं म्हणत त्यांनी फाटलेलं तर जोडलंच, वर साऱ्या शिवणी उसवून सुतात सरळ केल्या. दोन दिवस त्यात गेले. शीड जमिनीवर अंथरलं तेव्हा एक सुरकुती नव्हती.

पुढच्या सोमवारी सुकेशनी तेच गाठोडं घेऊन परत दारात.

"काकू, शिवण एक नंबर हाय. पण तुमी ह्याचं पोट काढून टाकलं. वारा भरतच नै त्यात."

वैनींच्या हातचं काम परत आलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला. "कापडाला कुठं पोट असतंय? दाखवा मला," त्या म्हणाल्या. वाकडं जोडणारा शिंपी बरोबर आणि सरळ जोडणाऱ्या आपण चूक, हे बघितल्याशिवाय त्या मानणार नव्हत्या. म्हणून रविवारी माझ्या मोटारसायकलवर मागं बसून त्या येलदरीला निघाल्या. आमच्या शिडाच्या होडीची सुरुवात ही अशी, रागातून झाली.

काठावर सुकेशनीनं दुसऱ्या होडीचं शीड वर चढवलं. वारा आला आणि कापड फुगलं. ती सांगत होती की वारा नुसता मागून ढकलत नाही, ह्या फुगवट्यावरून घसरत जातो आणि होडीला ओढून नेतो, म्हणून फुगवटा शिवणीतच घ्यावा लागतो. वैनींनी फुगलेल्या कापडावर तळहात ठेवला आणि तो शिवणीवरून फिरवत नेला.

"म्हंजे कटोरी ब्लाउजसारखं घ्यायचं म्हना की," शेवटी त्या म्हणाल्या.

मी पाण्याकडं बघायला लागलो. सुकेशनी मात्र टाळी वाजवून म्हणाली, "बिलकुल तसंच! आता आत बसा काकू, मग अजून कळेल." वैनी पदर खोचून बसल्या आणि म्हणाल्या, "चला भावजी." मी नको म्हणायच्या आत मला केशरी जाकीट घातलं गेलं होतं.

त्यानंतर दर रविवारी हेच. सुकेशनीनं सगळ्यात आधी शिकवली ती आठाची गाठ. दोरी स्वतःवरच वळवून आठ काढायचा, टोक आत घालायचं, ओढायचं. होडीतल्या दोऱ्या लहान चाकांच्या कप्प्यांमधून जातात. टोकाला ही गाठ असली की दोरी हातातून सुटली तरी कप्पीतून निघून जात नाही. वैनींना ती एकदाच दाखवावी लागली. मला चार रविवार लागले, आणि चौथ्या रविवारीही माझा आठ कधी कधी सहा व्हायचा.

मग वारा. तोंड फिरवून दोन्ही कानांना सारखा लागला की समजायचं वारा समोरून आहे. त्या दिशेला होडी सरळ जातच नाही, मधेच उभी राहून शीड फडफडवते. जायचं तर तिरकं जायचं, मग वळायचं, पुन्हा तिरकं. वळताना शिडाखालची आडवी दांडी एका बाजूची दुसऱ्या बाजूला येते आणि वाकायला उशीर केला तर डोक्यात बसते. ती माझ्या डोक्यात इतक्यांदा बसली की सुकेशनी तिच्या होडीतून "वळा!" असं ओरडायच्या आधी वैनीच म्हणायच्या, "भावजी, डोस्कं." वैनी मागं बसून एका हातात सुकाणूचा दांडा आणि दुसऱ्या हातात मोठ्या शिडाची दोरी धरायच्या. माझ्याकडं पुढच्या लहान शिडाची दोरी होती आणि मी ती दातओठ खाऊन धरायचो. वैनींना हे सगळं मशीनवरच्या धाग्याच्या ताणासारखं वाटायचं. फार ओढला तर तुटतो, सैल सोडला तर गुंता. दोन महिन्यांत त्या धरणावरच्या कोणाहीइतकी सरळ होडी नेऊ लागल्या.

फक्त एक गोष्ट होती. पाण्यावर काळसर पट्टा पळत येताना दिसला की तो वाऱ्याचा झोत. तो शिडात भरला की होडी कलते. अशा वेळी हातातली दोरी हातभर सोडायची, आपण काठावर बसून मागं झुकायचं आणि होडी सावरली की दोरी पुन्हा घ्यायची. पण होडी कलली रे कलली की वैनींचा दोरीचा हात दोरी पार टाकून देऊन छातीवर जायचा, गळ्यातल्या इष्टलिंगावर. शीड मोकळं सुटायचं, होडी सरळ व्हायची आणि उभी राहायची. बुडायचो नाही कधी. पण बाकीच्या तीन होड्या पुढं निघून जायच्या.

"काकू, हातभरच सोडायची! पुरी नै!" सुकेशनी तिच्या होडीतून ओरडायची.

एकदा तिनं भोळेपणानं सुचवलं, "गळ्यातलं काढून माझ्यापाशी ठेवा, मी सांभाळते." वैनी रागावल्या नाहीत. आम्हा लिंगायतांत लिंग अंगावरून उतरवत नाहीत, जन्मल्यावर बांधतात ते माणसाबरोबरच मातीत जातं, असं त्यांनी तिला शांतपणे सांगितलं. सुकेशनी ओशाळली आणि म्हणाली, मग आतून शिवून टाका. वैनींनी झंपराला आतून दुहेरी शिवणीचा खिसा केला, दोरा त्यात ओवून पक्का केला. पुढच्या रविवारी झोत आला आणि हात पुन्हा छातीवर गेला.

"शिवण माही हाय, तुटणार न्हाई, ठाव हाय मला," त्या हताश होऊन म्हणाल्या. "पर हाताला कोणी सांगावं?"

सुकेशनीला कारण माहीत नव्हतं. मला होतं, आणि आता ते लिहायलाच हवं.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी वैनी नव्या नवरी होत्या आणि मी दहा वर्षांचा. राणीसावरगावच्या सोयऱ्यांकडं लग्नाला जाताना आम्ही गंगाखेडला गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, थांबलो. बायका पाण्यात उतरल्या, मी वैनींच्या मागं मागं. नको तिथं पाय टाकला आणि खाली गेलो. वर आलो तो वैनींच्या गळ्याला लोंबकळत. माझ्या मुठीत त्यांच्या लिंगाचा दोरा आला, तुटला, आणि लिंगाची चांदीची डबी पाण्यात गेली. त्यांनी मला काठावर आणून टाकलं. आई आली, तिला फक्त मोकळा गळा दिसला. "लिंग कुठं हाय गं?" आईनं विचारलं. वैनी म्हणाल्या, "सुटलं." मी तिथंच ओला उभा होतो आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं होतं.

दोन दिवस वैनींनी अन्नाला शिवायचं नाही असं ठरलं. तिसऱ्या दिवशी मठातल्या स्वामींनी दुसरं लिंग दिलं आणि स्वामींपुरता विषय संपला. आईपुरता संपला नाही. आमच्या घरात लिंगाचा दोरा बायका हातानं वळतात. त्या दिवसापासून तो दोरा वैनींनी वळायचा नाही असं आईनं सांगितलं. अख्ख्या गावाच्या ताडपत्र्या जिच्या हातच्या, तिच्या हातचा दोरा घरातल्या एकाही माणसाच्या गळ्यात नाही. वैनींच्या स्वतःच्या दोन लेकरांचे दोरेसुद्धा माझ्या चुलतीनं वळले. आप्पा स्वभावानं वाईट नाहीत, पण त्यांची एक ठरलेली थट्टा होती. "हिला पाणी दाखवू नका रे, कायतरी सोडून येती." सगळे हसायचे. मी पण हसायचो. वाढत्या वयाबरोबर सांगायला सोपं जाईल असं मला वाटायचं आणि दर वर्षी ते जास्तच अवघड होत गेलं.

दिवाळीत मला दुसरी मुलगी झाली. तिच्या गळ्यात महाशिवरात्रीला लिंग बांधायचं ठरलं. जानेवारीत एका सकाळी आई माझ्या बायकोला म्हणाली, "त्रिवेणी, दोऱ्याचं तुझ्या मावशीला सांग." वैनी तिथंच भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण भाकरी तव्यावर टाकताना फाटली. त्यांची भाकरी फाटलेली मी कधी बघितली नव्हती. मी चहा तसाच ठेवून दुकानात गेलो आणि दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत बसलो.

त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी सुकेशनीनं शर्यत ठेवली. चार होड्या, पाण्यात तीन पिवळी पिंपं, त्यांना दोन फेऱ्या. आप्पा दुकान बंद करून बघायला आले होते, हेच नवल. शिट्टी वाजली की पाच मिनिटांनी सुरुवात. तोवर रेषेच्या मागं फिरत राहायचं आणि दुसरी शिट्टी होईल त्याच वेळेला रेषेवर पोचायचं. आधी गेलं तर परत फिरावं लागतं, उशीर झाला तर दुसऱ्यांचा उरलेला वारा मिळतो. वैनी सावकाश फेऱ्या मारत होत्या. होडीत आम्ही दोघंच, काठ लांब, आणि मला पळून जायला जागा नव्हती.

"वैनी," मी म्हणालो, "गंगेवर तुमचा दोरा म्या तोडला होता."

"ठाव हाय," त्या शिडाकडं बघत म्हणाल्या.

"म्हंजे? मग तुमी बोलला कामून न्हाईत?"

"तुमचं काय झालं असतं, इचार करा. आई तुमाला फोडून काढली असती. दहा वर्साचं लेकरू, अंगात ताप भरला होता." मग सुकाणू जरासं वळवून म्हणाल्या, "डबी माह्या डोळ्यासमोर खाली जायली होती भावजी. हात घातला असता तर घावली असती. पर एका हातात तुमी होता, आन् दुसऱ्या हातानं दगड धरला होता. दगड सोडला असता तर दोघंबी गेलो असतो."

मला वाटलं होतं की दोरा तुटला आणि डबी गेली, एवढंच. त्यांनी ती जाऊ दिली होती, हे मला अठ्ठावीस वर्षं ठाऊक नव्हतं. मी रडायला लागलो. लपवण्यात अर्थ नाही. "माफ करा मला," मी म्हणालो.

"मला सांगून काय उपेग? मला ठावच हाय. ज्याला ठाव न्हाई त्याला सांगा." त्यांनी घड्याळ बघितलं. "आता डोळे पुसा आन् दोरी धरा. एक मिनिट राह्यलंय."

दुसरी शिट्टी झाली तेव्हा आम्ही रेषेवर होतो, चारांत दुसरे. पहिली फेरी नीट गेली. दुसऱ्या फेरीत, वाऱ्याकडं तिरकं चढताना, पाण्यावर काळा पट्टा पळत आला, आजवर पाहिलेल्या सगळ्यांपेक्षा रुंद. होडी कलली. माझ्या बाजूनं पाणी आत आलं. मी वैनींच्या हाताकडं बघितलं. तो जरासा उचलला गेला, आणि थांबला. त्यांनी हातभर दोरी सोडली, अंग मागं टाकलं, होडी सावरली, दोरी पुन्हा हातात घेतली. छातीकडं हात गेला नाही.

माझा गेला. माझ्या हातातली दोरी कधी सुटली ते मला कळलंच नाही. मी शर्टावरून माझं लिंग घट्ट धरून बसलो होतो. पुढचं शीड मोकळं सुटून फडफडायला लागलं, होडीचं नाक वळून थेट वाऱ्यात गेलं आणि आम्ही जागच्या जागी उभे राहिलो, मग हळूहळू मागं सरकायला लागलो. एक होडी बाजूनं निघून गेली, पाठोपाठ दुसरी. तिच्यात जिंतूरच्या दोन शाळकरी मुली होत्या आणि त्या आमच्याकडं बघून चक्क हसल्या.

"भावजी, लहान शीड उलट्या अंगाला धरा. वाऱ्याच्या अंगाला!" वैनी म्हणाल्या. मी धरलं, होडीचं नाक बाजूला पडलं, आणि आम्ही पुन्हा चालायला लागलो. आम्ही चारांत चौथे आलो.

काठावर आप्पा पँट दुमडून पाण्यात उभे होते. होडी ओढायला हात लावत त्यांनी हसून विचारलं, "काय, आज काय सोडून आल्या?"

वैनी शीड उतरवायला लागल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून आप्पांना सगळं सांगितलं. दगडाचं पण. आप्पांचा हात होडीवरच राहिला. ते वैनींकडं बघत होते आणि वैनी शिडाची घडी घालत होत्या. मग आप्पा म्हणाले, "घरी आईला कोण सांगणार?"

"मीच," मी म्हणालो.

आई अठ्ठ्याहत्तरची आहे. ओसरीवरच्या बाजेवर बसून असते, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. मी तिच्या पायाशी बसून सांगितलं. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर म्हणाली, "तवा कामून बोलला न्हाईस?"

"भ्यालो होतो."

"आन् नंतर? नंतर तर माझ्या हातात काठीबी नव्हती." तिनं मला उठून जायला सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. वैनींशीही बोलली नाही, पण त्यांच्याकडं बघत राहायची. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं हाक मारली, "शिवम्मा, पोरीच्या लिंगाचा दोरा वळायचाय."

मशीन थांबलं. "दुपारी वळते," आतून आवाज आला. "आत्ता काम हाय." आईला इतक्या वर्षांत असं उत्तर कोणी दिलं नव्हतं. तिनं मान डोलावली आणि दुपारपर्यंत वाट बघितली.

दुपारी वैनींनी सुताचे पदर घेतले, पायाच्या अंगठ्याला अडकवले आणि मांडीवर दोरा वळला. पांढरा, बारीक, सगळीकडं सारखा. शेवटी तो स्वतःवरच वळवून आठ काढला, टोक आत घातलं आणि ओढलं. आईनं तो हातात घेतला. डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून गाठ बोटांनी चाचपली, मग दोन्ही हातांनी जोर लावून ओढून बघितली.

"ही कुठली गाठ?"

"धरणावरची," वैनी म्हणाल्या. "हातातून सुटलं तरी जात न्हाई."

मग आईनं आपल्या गळ्यातलं लिंग पदराखालून बाहेर काढलं. ते तिनं डोक्यावरून उतरवलं नाही. वैनींना जवळ बोलावून त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि वरून आपला हात झाकला.

"माझाबी दोरा लय जुना झालाय गं," ती म्हणाली. "हे धरून ठिव, आन् नवा घाल."

वैनींनी मला सुताची लड आणायला सांगितली आणि मी ती आणायला आत गेलो.